नाव कळलं, काम काय?

देवरे सरांना कुणी आपलं नाव सांगितलं की ते मान डोलवत आणि लगेच विचारत, "नाव कळलं. काम काय?" हे ते सगळ्यांनाच विचारत. लग्नात व्याह्यांची ओळख करून दिली तरी हेच. एकदा आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन करायला एक पुढारी आले. गळ्यात हार, मागे कार्यकर्ते. सरांनी त्यांनाही विचारलं. त्या गृहस्थांनी घाईनं नारळ फोडला आणि ते गाडीत बसले. पुढची पाच वर्षं ते आमच्या कॉलनीकडे फिरकले नाहीत आणि टाकीही तशीच कोरडी राहिली. यात सरांचा दोष किती आणि टाकीचा किती, यावर आमच्याकडे अजून वाद होतात.

सर जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. माझं घर त्यांच्या समोरचं; मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून मी 'बाई'. सरांना वेड होतं प्रथिनांचं. माणसाच्या शरीरात किती तऱ्हेची प्रथिनं आहेत हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही, हे ते अशा चेहऱ्यानं सांगत, की जणू ही गोष्ट नगरपालिकेनं कधीच निकालात काढायला हवी होती. "बाई, गावाची निम्मी माणसं अजून भेटलीच नाहीत आपल्याला. जी भेटली त्यांतल्या कित्येकांचं नुसतं नाव माहीत. दिवसभर करतात काय, पत्ता नाही. पण शोध चाललाय. एकेक सापडतंय."

परदेशातली मासिकं कॉलेजात शिळी होऊन येत. ती वाचून सर फाटकाशी उभे राहत आणि सापडलेल्या पाहुण्याची बातमी जो येईल त्याला देत. दूधवाला त्यांना टाळण्यासाठी मागच्या गल्लीतून यायचा. कॉलनीतल्या माणसांनाही त्यांनी प्रथिनांची नावं देऊन टाकली होती. पोस्टमन हिमोग्लोबिन, कारण तो घरोघर पोचवतो. मला ते केराटिन म्हणत. मी बरेच दिवस खूश होते. मग कळलं की नखं आणि शिंगं त्याचीच असतात.

डाळमिलवाल्यांच्या मेळाव्यातली गोष्ट तर गावभर झाली. 'प्रथिनं आणि आपलं आरोग्य' यावर बोलायला सरांना बोलावलं. मिलवाल्यांना वाटलं, सर तूरडाळीचं गुणगान करतील. सर तासभर रक्त, स्नायू आणि मेंदू यांतच फिरत राहिले. शेवटी एक शेठ उठले. "सर, डाळीवर केव्हा येताय?"

"डाळ पोटात गेली की तिचं नाव पुसलं जातं," सर म्हणाले. "तिचे तुकडे होतात आणि त्यातून शरीर आपलं काम उभं करतं."

शेठनी नुकतंच डाळीच्या पोत्यांवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं. ते चहा न घेता निघून गेले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा एकदा सर पेढे घेऊन दारात आले. मला वाटलं, धुळ्याला दिलेली त्यांची मुलगी बाळंत झाली. "मुलीचं नाही. एक प्रथिन सापडलं," सर म्हणाले. "त्याचा तुकडा मेंदूत गाळासारखा साचत जातो. आता कुठून येतो ते कळलं, नावही ठेवलं."

"काम काय त्याचं?" मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"तेच कळत नाहीये," ते म्हणाले, आणि हसले नाहीत. मी पेढा खाल्ला आणि विसरून गेले.

अक्का, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याच सुमारास माझ्याकडे विरजण मागायला येऊ लागल्या. सकाळी नेलं तरी दुपारी पुन्हा यायच्या. मूळच्या भडगावकडच्या, मोठ्या आवाजाच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्यांचा उखाणा ऐकायला बायका थांबून राहायच्या. अस्सल अहिराणीत, लांबलचक. गिरणेचं पाणी, शेतातली वांगी, सासूचा राग, सगळं यायचं आणि अगदी शेवटी 'रघुनाथराव' यायचं. एरवी त्यांनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. त्यांच्याकडे ती रीतच नव्हती.

पुढे त्या रस्ता चुकू लागल्या, चुलीवर पातेलं ठेवून फाटकाशी उभ्या राहू लागल्या. मुंबईहून मेंदूचे एक डॉक्टर जळगावला अधूनमधून येत, त्यांना दाखवायचं ठरलं. सोबत मी गेले. डॉक्टरांनी महिना विचारला, वार विचारला. अक्का गोंधळल्या. मग डॉक्टरांनी सरांकडे बोट केलं. "हे कोण? नाव काय यांचं?"

अक्कांनी पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघितलं.

"हा प्रश्न बाद करा," सर एकदम म्हणाले. "आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

डॉक्टरांनी प्रश्न सोडून दिला. पुढे काय होणार ते मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. मेंदूत तो गाळ साचत होता, आणि उपाय नव्हता. पेढे कशाचे होते ते मला तेव्हा कळलं. परत येताना रिक्षात सर हळूच म्हणाले, "बाई, तिला माझं नाव आठवतं की नाही, ते आता कुणाला कळायचं नाही. ते तसंच झाकलेलं राहू दे. मला तेवढं पुरे."

आयुष्यभर जो माणूस एकेक गोष्ट उघडून बघायला धडपडला, तो हे बोलत होता.

संक्रांत आली. हळदीकुंकू माझ्याकडे होतं. अक्का सकाळपासून काळी चंद्रकळा नेसून तयार बसल्या होत्या, त्यामुळे सरांना त्यांना आणावंच लागलं. "तेवढं नाव घ्यायला लावू नका," त्यांनी मला बजावलं. मी बायकांना सांगून ठेवलं होतं. पण शेजारी नव्यानं राहायला आलेल्यांच्या सुनेला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हौसेनं अक्कांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "अक्का, तुमचा उखाणा म्हणे फार छान असतो. घ्या ना नाव!"

दारात सर चपला हातात घेऊन उभे होते, ते तसेच थिजले.

अक्कांनी ओठ हलवले. थांबल्या. पुन्हा हलवले. "नाव ते याद येत नही, माय," त्या म्हणाल्या. सरांनी डोळे मिटून घेतले. इतके दिवस झाकून ठेवलेलं चारचौघींत उघडं पडलं होतं. मला त्या पोरीचा राग आला, माझा त्याहून जास्त आला.

पण अक्कांचं संपलं नव्हतं. त्यांनी दाराकडे हात केला. "ह्या शेतस ना, दारमा उभा. मन्ही येनी घालतस. भाकर चुरी देतस. माले भ्याव वाटनं का दिवा लाई ठेवतस."

सरांनी डोळे उघडले. "बाई, ऐकलंत?" ते म्हणाले. "नाव गेलं. पण काम..."

त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि सरळ बायकांच्या बैठकीत येऊन सतरंजीवर अक्कांच्या मागे बसले. "इकडे सरक," ते म्हणाले. "येनी सुटनी तुन्ही." आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी ते पांढरे केस तीन पदरांत वाटून विणायला घेतले. हात सरावलेले होते. एकही बाई हसली नाही.

केराटिनला रडू येत नाही अशी कॉलनीत माझी ख्याती होती. त्या दिवशी ती ख्याती गेली.