मंजूर निळा

प्रत्येक वस्तूला दोन रंग असतात: एक असतो तो, आणि एक मंजूर झालेला. या दोहोंत गोंधळ होऊ नये म्हणून समाजाने कार्यालये निर्माण केली. आमचा पाणीपुरवठा विभाग त्यांपैकीच एक, आणि मी तिथला प्रसिद्धी कारकून.

विभागाच्या कामगिरीवर चार मिनिटांची फिल्म काढायचे ठरले. शूटिंग झाले. (उपअभियंत्यांनी नळाखाली पेला धरून पाणी पिण्याचा अभिनय सात वेळा केला. प्रत्यक्ष प्यायले नाहीत. ते अनुभवी आहेत.) मग फिल्मचे रंग नीट करायला एक बाई नेमल्या.

बाई हट्टी निघाल्या. त्यांच्या खोलीच्या भिंती राखाडी, पडदे राखाडी, अंगातला सदराही राखाडी. शेजारी भडक काही असले की डोळा फसतो म्हणे, म्हणून रंगीत कपड्यांत येणाऱ्याला त्या दारातच राखाडी शाल देत. दर सोमवारी मॉनिटरवर पालीसारखे एक यंत्र चिकटवून त्याचे रंग मोजत. आमच्या विभागात आजवर कुणी काहीच मोजलेले नसल्याने (मीटर धरून) आम्हाला आदर वाटला.

साहेब पाहायला आले. शाल पांघरून बसले.

"पाणी मातकट दिसतंय," ते म्हणाले.

"आहेच ते मातकट," बाई म्हणाल्या. "शूटिंगच्या वेळी नळाशेजारी हे राखाडी कार्ड धरलं होतं. कार्ड इथंही राखाडीच दिसतंय, म्हणजे कॅमेरा बरोबर. मॉनिटर कालच तपासलाय."

"मग चूक कुणाची?"

हा प्रश्न विभागात प्रथमच विचारला गेल्याने तो कोणत्या रजिस्टरात लिहावा, हे मला कळले नाही.

साहेबांनी फिल्म केबिनमधल्या स्क्रीनवर लावली. नऊ वर्षांत ती पिवळी पडलेली. तिच्यावर पाणी काढ्यासारखे दिसले. उपअभियंत्यांच्या मोबाइलवर तांबूस, त्यांच्या सासूबाईंच्या टीव्हीवर हिरवे. समिती बसली. सोळा स्क्रीन, सोळा रंग, अकरा बैठका. अखेर साहेबांची स्क्रीन हीच प्रमाण मानावी असे एकमताने ठरले, कारण सही तिच्यासमोर होते. बाईंना निळा वाढवायला सांगितले. केबिनमध्ये पाणी आरस्पानी झाले. उरलेल्या पंधरा ठिकाणी ते शाईसारखे, आणि उपअभियंते बुडून तीन दिवस झालेल्या माणसासारखे दिसू लागले. फिल्म मंजूर झाली, आणि सभागृहात नागरिकांना दाखवायचे ठरले.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सभागृहातला प्रोजेक्टर मी लावून देते."

त्यांनी तो तासभर खपून जुळवला, आणि मंजूर फिल्म बाजूला ठेवून आपली पहिली प्रत लावली. आठशे नागरिक बसले होते. पडद्यावर नळ सुटला आणि पेल्यात गढूळ, तळाशी गाळ साचणारे पाणी भरले. साहेबांनी डोळे मिटले. मी बाईंच्या बडतर्फीचा मसुदा मनात जुळवू लागलो.

पहिल्या रांगेत बाईंची आई होती. "रंग अगदी हुबेहूब आलाय गं," ती शेजारी येऊन बसलेल्या मुलीला म्हणाली. "सकाळी हंडा भरला ना, तस्साच." बाईंचे डोळे भरून आले. अकरा बैठकांत त्यांच्या कामाकडे पाहिले असे कुणी नव्हते.

तेवढ्यात मागून एक गृहस्थ उठले. "प्रोजेक्टर खराब आहे. रंग नीट करा."

टाळ्या पडल्या. सात मिनिटांत दोनशे बारा लेखी तक्रारी आल्या: सगळ्या प्रोजेक्टरविरुद्ध, पाण्याविरुद्ध एकही नाही. साहेबांनी ताबडतोब मंजूर फिल्म लावायला लावली. निळेशार पाणी दिसताच सभागृहाच्या जिवात जीव आला. बाई आईचा हात धरून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला, आणि माझा मसुदा वाया गेला.

त्या तक्रारी मी जपून ठेवल्या आहेत. तिसऱ्या रांगेतून आलेली तुमचीही आहे, अक्षर सुवाच्य आहे. विभाग आपला ऋणी आहे. त्या दिवशी घरी जाऊन तुम्ही नेहमीप्रमाणे पाणी चारपदरी फडक्यातून गाळलेत. त्या फडक्याच्या रंगाबद्दल अद्याप तुमची काहीच तक्रार आलेली नाही.