प्लूटोची बरतरफी, शनीचा उतार व तदनंतरचा तहनामा

ऐकणारांनी पाय पसरून व चित्त आवरून ऐकावे. लढाया पुष्कळ जाहल्या, मुलूख गेले आणि आले. परंतु तारांगणाचे दिवाणखान्यात, भर दुपारी, लिंबाएवढ्या लाकडी गोळ्याकरिता जी मोहीम जाहली तैसी दुसरी ऐकिवात नाही. म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे मीठ थोडकेच घातले.

तेथे राजश्री मिस्त्री, सुतारकाम आणि लोहारकाम दोहींत हरहुन्नरी, बावीस वर्षे चाकरीस होते. छतास ग्रहमंडळ त्यांनीच खासा हातांनी टांगिले: मध्ये सूर्य, त्याखालून आडवी लांब लोखंडी दांडी, एके अंगास गुरू आणि शनी हे दोन जाडजूड सरदार, दुसरे अंगास बाकीची किरकोळ मंडळी आणि अगदी टोकास प्लूटो. मिस्त्रींचा त्यावर जीव बहुत. चार माणसांत "दांडी कशी एका पातळीत आहे बघा" म्हणाल्याखेरीज त्यांस घास गोड लागत नसे.

मग नवे संचालकसाहेब दाखल जाहले. वय लहान आणि शिस्त मोठी. त्यांनी वर पाहोन ग्रह मोजिले, नऊ भरले, आणि मर्जी खप्पा जाहली. तत्क्षणी लेखी हुकूम सुटला की, विद्वानांनी सभा भरवून प्लूटोस ग्रहपणावरून बरतरफ करून जमाना लोटला, कसूर हा की आपले वाटेवरचा कचरा तो साफ करीत नाही. ऐसे असता आमचे छतास तो अद्याप वतन भोगितो, हे लाजिरवाणे. सबब आज तीन वाजता निवृत्त शिक्षकांचे मंडळ पाहावयास येण्याचे आत त्यास उतरवावे.

हुकूम वाचून तिकीट खिडकीवरील बाई, ज्या मिस्त्रींच्या सख्ख्या मेहुणी, त्या म्हणाल्या, "भावोजी, कचरा न काढणाऱ्यांना उतरवायचं ठरलं, तर या ऑफिसात खुर्चीवर राहील कोण?"

मिस्त्रींस हसू आले नाही. कारण की, उद्घाटनाचे दिवशी पाहुणे दारात येऊन ठेपले असता दांडी एकीकडे कलली होती. प्लूटोचे अंगाकडून ती वीतभर आखूड कापली गेली, आणि कापणारे खुद्द मिस्त्री. तेव्हा त्यांनी प्लूटो पोखरून त्याचे पोटात शिसे ओतले, वरून रंग दिधला, आणि ही गोष्ट बायकोसही सांगितली नाही. आता बोलावे तर बावीस वर्षांची अब्रू जाते, न बोलावे तर ग्रहमंडळ कलंडते. ऐसे धर्मसंकट मिस्त्रींवर पडले. दांडी टांगली तो आकडा गंजून घट्ट बसला असेल, दांडी जागची हलणार नाही, ऐशी मनाची समजूत घालोन शिडी चढले.

साहेब हुकुमाचा कागद घेऊन नेमके शनीखाली उभे. मिस्त्रींनी मळसूत्र सोडिले, प्लूटो हाती आला, आणि मग बुध, शुक्र, पृथ्वी आदिकरून मंडळी छताकडे पळत सुटली आणि गुरू व शनी खाली चाल करून आले. शनीचे कडे साहेबांचे नाकास भिडले. साहेबांनी दोही हातांनी शनी तोलून धरिला. सोडावा तर नाक जाते, धरावा तर हातचा हुकूम जातो, ऐशी अवस्था जाहली.

तेव्हा शिडीवरून मिस्त्री बोलिले, "साहेब, चूक माझी. दांडी मीच आखूड कापली. या प्लूटोत शिसं आहे, सगळा तोल ह्याच्यावर होता."

साहेबांनी फर्माविले की, त्याचे जागी एखादा पाना लटकवावा. त्यावर बाईंनी पुसले, "आणि मास्तर लोकांना काय सांगू? नववा ग्रह पाना?"

साहेबांचे दंड भरून आले होते. त्यांनी मिस्त्रींस पुसले, "त्यानंतर बावीस वर्षांत दांडी एकदा तरी कलली होती का?"

"नाही साहेब."

"मग लावा परत. हात दुखतायत माझे."

मिस्त्रींचे डोळे भरून आले, मळसूत्र दिसेना, चार वेळा चुकले. मग तह ठरला: ग्रह आठच, प्लूटोने जागेवर राहावे, खाली पाटी लावावी. पाटीचा मजकूर बाईंनी तिकिटाचे पाठीवर लिहिला तो येणेप्रमाणे:

आठांची ती रांग ठरली, नवव्यास म्हणती, मागे सर,
गोल तू, फिरतोसही तू, पण झाडतो कोण घर?
तो म्हणे, नका म्हणू ग्रह, नावाची ना हौस मला;
मी उतरलो की शनी तुमचा टेकतो नाकाला!

तीन वाजता साहेबांनी तो खासा वाचून दाखविला, नाकास पट्टी असता.

सायंकाळी मिस्त्रींनी घरी जाऊन बायकोपुढे सर्व कबूल केले. ती कापड बेतीत होती, मान वर न करिता म्हणाली, "कापडावर ठेवायची माझी शिशाची वजनं गेली कुठे, हे मला कळलं नसेल होय? तेव्हापासून वाट्या ठेवून बेततेय."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जखमी एक नाक, बाकी सर्व खुशाल. विजय कोणाचे नावे लिहावा ऐसा सवाल पडला, तो बहुत विचारांती मिस्त्रीणबाईंचे नावे लिहिला आहे.