गर्दी व्हायच्या आधी

धाकूभावजी मयताला जायचे ते माणूस मरायच्या आधी.

यात वाईट हेतू काही नसे. त्यांचं म्हणणं एवढंच, की मयताला सगळा गाव लोटतो, ओटीवर पाय ठेवायला जागा राहत नाही, तेव्हा आपण आधीच जाऊन यावं. आमच्या बोर्लीत एक म्हातारा अंथरुणाला खिळला आणि वैद्यानं हात टेकले, तसे भावजी खांद्यावर पंचा टाकून त्याच्या उशाशी जाऊन बसले. चेहरा पाडून म्हणाले, "बाबा, फार भला मानूस व्हतास." म्हातारा चांगला शुद्धीवर होता. त्यानं उशाजवळचा तांब्या फेकून मारला. त्या रागानं तो जो उठून बसला, तो पुढं कित्येक पावसाळे जगला. भावजी वाटेत दिसले की तोंड फिरवायचा.

भावजी आमचे शेजारी. सख्खे दीर नव्हेत, पण आमच्या माणसापेक्षा वयानं मोठे आणि घराला घर लागून, म्हणून मी भावजी म्हणायचे. अंगानं उंच, सरळ, मानेत जरा वाकलेले. भातशेती होती, बैलजोडी चांगली होती, डोकंही ठीक होतं. खोड एवढीच. कुठंही जायचं म्हटलं की त्यांच्या तोंडात एकच, "चला, गर्दी व्हायच्या आदी."

बाजारच्या दिवशी भाजीवाल्या बायका टोपल्या उतरवायच्या आत हे हजर. त्यामुळे यांना मिळायची ती भाजी पाणी मारून ताजी करायची राहिलेली. शिमग्यात पालखी दारात यायची वाट बघणं यांना जमत नसे. गुरव देवळात पालखी पुसत असायचा, तेव्हाच नारळ देऊन मोकळे.

गुरव म्हणायचा, "धाकू, अजून देव बसला न्हाय पालखीत."

"बसला की माझा निरोप सांग."

लग्नाला आदल्या दिवशी जायचे. मांडवाचे खांब पुरायला हात लावायचे, आचाऱ्यांबरोबर जेवायचे, नवरीला हळद लागत असतानाच तिच्या डोक्यावर अक्षता टाकायचे आणि वाजंत्री वेशीत आली की बैल जुंपायचे. कारण परतीचीही गर्दी असते ना! येतानाची चुकवायची आणि जातानाचीही चुकवायची. मधलं जे काही असतं, ज्यासाठी लोक जमतात, ते यांनी कधी पाहिलंच नाही.

त्यांचं सोडा. हाल त्यांच्या बायकोचे, आमच्या वहिनीचे. दोघंच घरात, मूलबाळ नाही, तेव्हा जिथं हे तिथं ती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण स्वतःचं सोडून दुसरं एक लग्न लागताना तिनं पाहिलं नव्हतं. जत्रा पाहिली ती पाळणे उभे राहायच्या आधीची. नाच पाहिला तो पोरं तोंडाला रंग लावत असताना. मी नवी सून म्हणून आले तेव्हा तिला विचारलं, "वयनी, काल नाच कसा झाला?" ती म्हणाली, "रंग चांगला व्हता."

आणि एके दिवशी दवंडी पिटली, की दिवेआगरला विमान येणार.

एकोणीसशे तिसाच्या पुढचं कुठलंसं साल असेल. भातं झोडून झाली होती, माणसं रिकामी होती. मुंबईची कुठली तरी कंपनी विमान घेऊन येणार, ओहोटीला वाळू घट्ट असते तिच्यावर उतरवणार, वर उलटसुलट कसरती करणार आणि हौशी शेटजींना आभाळात फिरवून आणणार. आमच्याकडं तोवर मोटारच क्वचित दिसायची. गावात दुसरं बोलणंच नाही.

वहिनी त्या दिवशी आमच्या ओटीवर येऊन बसली. बाजूला भावजी उभे होते, तरी मला उद्देशून, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या खेपंला मी बगनार. इमान येईस्तवर मी हलायची न्हाय."

"बगू या की," भावजी म्हणाले.

"नुसती वाळू न्हाय. इमान."

"व्हय, व्हय."

माझा नवरा मुंबईला गोदीत कामाला. मला कोण नेणार? सासू म्हणाली, वयनीसंगं जा. मी गेले.

आम्ही किती लवकर निघालो ते विचारू नका. दिवेआगरच्या वाड्यांत कोंबडे आमच्या गाडीच्या आवाजानं जागे झाले. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा तिथं खेकडे होते आणि दोरी बांधायला आलेला एक माणूस होता. तो आमच्याकडं बघत राहिला. भावजींनी वाळू पाहिली, समुद्र पाहिला, मान वर करून आभाळ पाहिलं.

"तिकडनं येनार. हितं उतरनार. समजलं? चला, गर्दी व्हायच्या आदी."

वहिनी वाळूत मांडी घालून बसली. चांगलं उजाडलं तरी हलेना.

भावजींनी तिच्याकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं, आणि मवाळ आवाजात म्हणाले, "बैलांना पानी दावून आनू. हीर जवळच हाय. लगोलग मागारी येऊ." बैलांचं नाव काढल्यावर शेतकऱ्याची बायको काय बोलणार? उठली. आम्ही दोघी गाडीत बसलो.

विहीर आली आणि गेली.

"आवो, हीर मागं राह्यली!"

भावजींनी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

आता त्या वाटेबद्दल सांगते. समुद्राकडं जायला वाट एकच. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांना कमरेएवढे दगडी गडगे, आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागे, आणि बैलाला मागं चालायला सांगून बघा. एरवी त्या वाटेनं दिवसाला दोन-चार गाड्या जायच्या, भागायचं. त्या दिवशी सगळा तालुका येत होता. आणि आम्ही त्याच्या तोंडावर घरी चाललो होतो.

पहिल्या वळणावर समोर गाडी. तिच्या मागं गाडी. तिच्या मागं जिथवर नजर जाईल तिथवर बैलांची शिंगंच शिंगं.

"मागं घे!" समोरचा म्हातारा ओरडला.

"तू मागं घे," भावजी म्हणाले.

"माज्या मागं सबंद म्हसळा हाय! चाल्लास कुठं?"

"घरी."

"इमान बगून?"

"व्हय."

म्हातारा दचकला. "म्हंजे, आलं?"

"न्हाय."

हे मागच्या गाडीला सांगितलं गेलं, तिनं तिच्या मागच्या गाडीला. हसण्याचा आवाज वळणामागून लांब लांब जात गेला. कोणी ओरडलं, विमान रद्द झालं. कोणी ओरडलं, येऊन गेलं. मधेच कुणा पाहुण्यांची मोटार अडकली होती, तिनं भोंगा वाजवला, तसा एक बैल जुवासकट खाली बसला आणि उठेना.

भावजी म्हणाले, बरं, मागं घेतो. गाडीतून खाली उतरून बैलांच्या तोंडाला धरून मागं रेटायला लागले, तर मागून हाका, "थांबा, थांबा!" बघतो तर वाटेच्या समुद्राकडच्या तोंडाशी गावकऱ्यांनी तेवढ्यात स्वागताची कमान उभी केलेली. केळीचे खांब, नारळाच्या झावळ्या, झेंडूच्या माळा. आम्ही गेलो तेव्हा नव्हती. इतकी अरुंद, की माणूस जाईल, गाडी जाणार नाही. मी विचारलं, ही कशाला इथं? तर म्हणे, विमानाच्या स्वागताला. विमान आभाळातून येणार. ते काय कमानीतून येणार होतं?

म्हणजे पुढं म्हसळा, मागं कमान, आणि मधे धाकूभावजी. ज्यांनी उभा जन्म गर्दी चुकवली त्यांनी एकट्यानं एवढी गर्दी करून ठेवली, की तशी त्या किनाऱ्यानं पाहिली नसेल.

लोकांनी गाड्या तिथंच सोडल्या आणि गडग्यांवरून उड्या मारून वाड्यांतून समुद्राकडं पळायला लागले. वाडीवाले काठ्या घेऊन ओरडत होते. कोण ऐकतो!

वहिनी गाडीतून उतरली. लुगड्याचा काष्टा घट्ट केला. "मी चालले इमान बगायला."

"अगं ए! बैल कोन बगंल? जाऊ नको. गर्दी हाय!"

"तुमीच केलीत," वहिनी म्हणाली, आणि गडग्यावर चढली. मी तिच्या मागं.

पोफळींतून पळता पळता मी विचारलं, "वयनी, भावजींना गर्दीचं एवढं भ्या कसलं वो?"

ती हसायला लागली. हसता हसताच सांगितलं. लग्नाचं पहिलंच वरीस. दोघं हरिहरेश्वरच्या जत्रेला गेलेले. गर्दीत हिचा हात सुटला. आता हाक काय मारणार? बायकोचं नाव चारचौघांत कुणी घेतं का? हे आपले "अगं ए, अगं ए" करत फिरले. "अगं ए" म्हटलं की दहा बायका वळायच्या. एकीच्या नवऱ्यानं काठी उगारली. ही एका फुलवालीपाशी बसून राहिली होती. यांना सापडली ती दुपार कलल्यावर.

"मला बगितलं आनि मटकन खाली बसला मानूस," वहिनी म्हणाली. "मला काय झालं व्हतं? मी भजी खात व्हते."

किनाऱ्यावर दोरी होती, पण ती लोकांच्या पायाखाली. वाळू दिसतच नव्हती, नुसती डोकी. एका चौथऱ्यावर कोट घातलेला माणूस पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून घसा फोडत होता, "लोकहो, मागे सरा! विमानाला जागा द्या!" पुढचे म्हणत होते, मागचे ढकलतात. मागचे म्हणत होते, आम्हाला दिसत नाही. आम्ही दोघी कोपरं मारत पार पाण्यापर्यंत गेलो. पाय ओले झाले, पण वर सगळं आभाळ मोकळं. वहिनीचं तोंड असं फुललं होतं, की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

चारी बाजूंनी हाका चालल्या होत्या. पुरुष बायकांना शोधत होते. "गनूची आय! ए बाळ्याची आय!" ज्याला जे पोर होतं त्याच्या नावानं तो ओरडत होता.

आणि घरघर ऐकू आली. लोकांनी बोटं केली. तिकडं, तिकडं! आधी माशीएवढं, मग घारीएवढं, मग विमान. किनाऱ्याला धरून खाली खाली येऊ लागलं.

तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला. कोटवाल्याचा नव्हे. फाटलेला, रडकुंडीला आलेला.

"तुळसाऽऽ! अगं तुळसाऽऽ!"

कुण्या पुरुषानं बाईमाणसाचं नाव असं उघड्यावर घेतलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. लोक फिदीफिदी हसले. मीही हसले. कोण ही तुळसा आणि कोण तिचा निर्लज्ज नवरा, म्हणून बघायला मान वळवली, तर माझ्या शेजारी वहिनी गर्रकन मागं फिरलेली. तोंडावर पदर, कान लाल. मला तिचं नाव तोवर ठाऊकच नव्हतं.

चौथऱ्यावर भावजी. दोन्ही हातांनी कर्णा धरलेला, कोटवाला तो ओढून घेऊ बघतोय, आणि हे विमानाकडं ढुंकून न बघता नुसती डोकी बघताहेत. वहिनीनं हात वर केला. पार वर, बोटांपर्यंत ताणून. भावजींनी कर्णा टाकला.

त्याच वेळी विमान आमच्या डोक्यावरून गेलं. वाऱ्यानं माझा पदर उडाला. उतरायला वीतभर वाळू रिकामी नव्हती. त्यानं पंख तिरका केला, समुद्रावर वळण घेतलं आणि आलं तसं मुंबईकडं निघून गेलं. झालं. एवढाच खेळ. मी तो डोळे भरून पाहिला, कारण माझं नाव कोणी घेतलं नव्हतं.

वाट मोकळी व्हायला संध्याकाळ झाली. एका वाडीवाल्यानं शेवटी कंटाळून स्वतःच गडगा फोडून दिला, म्हणून गाड्या वळल्या. तोवर लोकांनी भाकऱ्या सोडल्या, शहाळी फोडली, कोणी ढोलकी काढली. येणारा-जाणारा भावजींना "तुळसा गावली का?" विचारून जाई. भावजी तोंड वर करत नव्हते. वहिनी पदराआडून म्हणे, "गावली, गावली. जावा आता."

गाडी हलली. पुढं गाड्या, मागं गाड्या, धूळ. मी मागच्या बाजूला गवतावर टेकले होते. बऱ्याच वेळानं भावजींनी मागं न बघता विचारलं, "इमान कसं व्हतं गं?"

वहिनी म्हणाली, "लई मोठ्ठं. माशावानी. आत मानूस बसलेला. त्यानं हात केला."

"कुनाला?"

"मलाच की. मी पन केला."

विमान डोक्यावर होतं तेव्हा या बाईची पाठ होती विमानाकडं, आणि हात केला होता तो चौथऱ्याकडं. मी शेजारीच होते. मला खोटं खपत नाही, तोंडावर सांगते. पण त्या दिवशी मी गवताची काडी तोंडात घालून गप्प बसले.

भावजींनी बैलांचा कासरा सैल सोडला.

"आनि चाकं? चाकं फिरत व्हती का?"

वहिनीनं विचार केला.

"एक फिरत व्हतं," ती म्हणाली.