तात्यांचे बोलके जिवाणू

दहा किलो बियाण्याला पुरणारं जिवाणू खताचं अख्खं पाकीट तात्या मूठभर शेंगदाण्यांना चोळत. गुळाचं पाणी, वर ती काळी भुकटी, कोपरापर्यंत काळे झालेले हात. आणि गूळ माझ्या डब्यातला!

तात्या म्हणजे माझे विट्याचे घरमालक. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्मभर जिवाणू वाढवले. निवृत्त झाले, पण खूळ काही गेलं नाही. मी हायस्कुलात शिक्षिका, तरी घरी मीच विद्यार्थिनी.

"अहो, कशाला एवढं वाया घालवता?" मी एकदा वैतागलेच.

"वाया? बाई, ह्ये दोन-चार असले की गप पडून ऱ्हात्यात. दाटी झाली की एकमेकास्नी निरोप धाडत्यात."

"पोस्टानं?"

"थट्टा नगा करू! वासासारखं कायतरी सोडत्यात. त्ये लय साचलं की समद्यास्नी कळतं, आपुन एकटं न्हाई. मग लागत्यात मुळांच्या कामाला. रोप बघा कसं फोफावतंय!"

शेजारच्या सुनेनं एकदा हे चोळलेलं बियाणं उन्हात वाळत घातलं. जिवाणू मरतील म्हणून तात्या छत्री घेऊन धावले. छत्री बियाण्यावर, स्वतः उन्हात! अख्खी आळी हसली. मीही हसले.

घरमालकीण काकू वारल्या होत्या, मुलगा फौजेत. त्यामुळे रोज संध्याकाळी माझ्या वह्या तपासायच्या राहत आणि जिवाणूंचं पुराण चाले. संस्थेनं साताऱ्याला बदली केली तेव्हा, खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. पत्र टाकते असं मी म्हणाले. टाकलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत विट्याला काम निघालं, म्हणून डोकावले. हाक मारली. तात्या दारात आले, तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. खाकरले. पुन्हा प्रयत्न केला.

"घसा बसलाय का, तात्या?"

"न्हाई वो," ते कसेबसे म्हणाले. "चार दिस झालं, कुणाशी बोलायचा परसंगच आला न्हाई. आवाज हाय का गेला, त्ये बी कळंना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी खाली ठेवली आणि सरळ चुलीकडे वळले.

"बाई, गाडी कितीची हाय?"

"आज साताऱ्याला गाडीच नाही," मी धडधडीत खोटं बोलले.

तात्यांना सगळ्या एस.टी.च्या वेळा तोंडपाठ होत्या. तरी ते फळीवरचा धूळ बसलेला दुसरा कप काढून धुऊ लागले.