दोन्ही पाय मुरगळल्याची गोष्ट

"वर्षाच्या आत टिकली घडाघडा बोलली नाही, तर बापाचं नाव लावणार नाही!" असं बायकोला ठणकावून हेडक्लार्कांनी सात वर्षांच्या लेकीला नाट्यवर्गात घातलं. टिकली इतकी बुजरी, की दारावरची बेल वाजली तरी पलंगाखाली जायची!

नाटकाच्या बाईंचा नियम एकच. समोरचा जे म्हणेल ते खोडायचं नाही, "हो, आणि..." म्हणून पुढे न्यायचं. टीपकागदाने शाई उचलावी तसा टिकलीने तो उचलला.

वर्गाचा कार्यक्रम शनिवारी चारला. साहेबांनी रजा नाकारली! पण हेडक्लार्क इरेला पेटले होते. सकाळी कण्हत कण्हत फोन करून त्यांनी पाय मुरगळल्याचं कळवलं.

तीनला बेल वाजली. टिकलीने दार उघडलं, तर सह्यांचे कागद घेऊन साक्षात साहेब! हेडक्लार्कांनी हरणासारखी सोफ्यावर झेप घेतली आणि तिथे पोचल्यावर विव्हळले.

"फारच मुरगळलाय का हो पाय?"

"हो, आणि दुसरासुद्धा!" टिकली म्हणाली.

"अरेरे! जिन्यावरून पडलात?"

"हो, आणि बाबांच्या कडेवर शेजारच्या आजी होत्या!"

या आजींचं वजन साहेबांना ठाऊक नव्हतं, एवढंच नशीब.

"टिकले, आत जा बघू!" हेडक्लार्क दात दाखवत म्हणाले.

"बोलू द्या की!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "तुम्हालाच हौस होती ना?"

"अहो, मग डॉक्टरांना दाखवायला हवं," साहेब कळवळले.

"हो, आणि चारलाच जायचंय!"

"चला, माझी गाडी आहे खाली."

साहेब आणि ड्रायव्हर यांनी हेडक्लार्कांना सोफ्यावरून खुर्चीत बसवून खुर्चीसकट तीन जिने उतरवलं. हेडक्लार्क प्रत्येक पायरीला इमानाने कण्हले. कार्यक्रम बघायचा म्हणजे बघायचाच! टिकली पुढे बसून रस्ता सांगत होती. गाडी थांबली ती शाळेच्या सभागृहाशी.

"हे हॉस्पिटल?"

"हो, आणि इथे पडदासुद्धा आहे!"

तेवढ्यात दारातून नाटकाच्या बाई ओरडल्या, "आलात, टिकलीचे बाबा! काहीही करून येतील, म्हणालीच होती ती!"

साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं, सगळं विचारलं, नियम समजून घेतला आणि हेडक्लार्कांच्या शेजारी येऊन बसले.

पडदा उघडला. राणी झालेल्या टिकलीने भर दरबारात राजाला असं काही झापलं, की शेवटच्या रांगेतलं तान्हं बाळही रडायचं थांबलं! हेडक्लार्क भान विसरून खुर्चीवर चढले आणि दोन्ही पायांनी नाचू लागले.

"उतरा सावकाश," साहेब शांतपणे म्हणाले. "मी तुमचं काही खोडणार नाही. दोन्ही पाय गेलेत, मान्य. हो, आणि जिने चढायला नकोत, म्हणून सोमवारपासून तुमचं टेबल खाली तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीत!"

मुकुटासकट धावत आलेल्या टिकलीच्या कानावर एवढंच पडलं.

"हो, आणि बाबांना पंखासुद्धा लागत नाही!"

साहेबांनी तेही मंजूर केलं.