खुनी आधीच सांगणारे काका

त्या सोमवारी काकूंनी मिठासाठी फडताळात हात घातला. नेहमीच्या डब्यावर चिठ्ठी होती : ‘क्र. १४, मीठ. पाहा क्र. ३१.’ काकूंनी क्रमांक एकतीस शोधला. त्यावर चिठ्ठी होती : ‘स्थलांतरित.’

काकूंनी तिथल्या तिथे ठरवलं, या माणसाला रोज दहा ते एक घराबाहेर काढायचं. कुठेही. कसंही.

हा माणूस म्हणजे काका. चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये फायलींना नंबर देत बसले आणि तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. (नवरा निवृत्त होतो, बायको होत नाही, हे आजवर एकाही साहेबाच्या डोक्यात शिरलेलं नाही.) फायली संपल्या तसा त्यांचा मोर्चा स्वयंपाकघराकडे वळला. डबे झाले होते. “पुढच्या आठवड्यात चमचे घेतो,” असं ते प्रेमानं म्हणाले होते, आणि काकूंची झोप उडाली होती.

गावाला नाव मिळालं होतं ते एका रहस्यकथाकारामुळे. गावकरी त्याला नुसतं ‘लेखक’ म्हणत. त्यानं आयुष्यभर कागदावर शे-दीडशे माणसं मारली आणि गावानं त्याच्या आठवणीसाठी जागोजागी निळ्या पाट्या लावल्या. त्याचं जन्मघर, त्याची विहीर, त्याचं बाक. चौकातलं घड्याळ चार दहाला बंद पडलं, तर दुरुस्तीचं राहिलं बाजूला, ‘कादंबरीतल्या खुनाची वेळ’ म्हणून त्याच्याखालीही पाटी लागली. या पाट्या पाहुण्यांना दाखवायला वाचनालयाच्या बाईंना रोज दहा ते एक गाइड हवा होता. रविवारी परीक्षा. काकूंनी काकांचं नाव देऊन टाकलं.

“मी? अगं, मी त्याचं एक पुस्तक वाचलेलं नाही!” काका म्हणाले. ते खरंच होतं. चौथ्या पानावर ते घोरायला लागत.

“मी सगळी वाचलीत. मी सांगते.”

काकूंची शाळा चौथीपर्यंतची, पण लेखकाची पुस्तकं कोळून प्यायलेल्या. फक्त त्यांची एक खोड होती. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. खुनी कोण ते बघायचं, मग पहिल्यापासून सावकाश वाचायचं. “तो पहिल्या पानावर साळसूदपणे येतो ना,” त्या म्हणत, “तेव्हा मी म्हणते, ये मेल्या, तुझंच पान वाचून आलेय!”

शिकवणी सुरू झाली. काकूंनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं की काकांची मान छातीवर. शेवटी वैतागून काकूंनी शेवटापासून सांगितलं. तेवढं मात्र काकांनी टक्क जागं राहून कार्डांवर उतरवलं : ‘विहीर, डॉक्टर. घड्याळ, धाकटी जाऊ. न्हाव्याचं दुकान, वकील व त्याचा भाचा (संयुक्त).’

रविवारी वीसेक माणसं जमली. काकू पिशवी घेऊन मागेमागे निघाल्या, बाजाराला चालल्यासारख्या.

जन्मघर उत्तम पार पडलं. काकांनी पाटी दोनदा वाचून दाखवली. मग विहीर आली. काकांनी खिशातलं कार्ड काढलं.

“मंडळी, याच विहिरीत डॉक्टरनं आपल्या सासूला ढकललं.”

पुढे एक नर्सबाई तेच पुस्तक छातीशी धरून उभ्या होत्या.

“डॉक्टरनं? अहो, तो तर खुनी शोधायला मदत करतोय!”

“करू दे की. ढकलली त्यानंच.”

“मी एकशे चाळिसाव्या पानावर आहे हो!”

“मग पुढची दगदग वाचली तुमची,” काका मायेनं म्हणाले.

घड्याळापाशी एका म्हाताऱ्या हेडमास्तरांनी बजावलं, “इथे फक्त वेळ सांगा. नाव नको.”

“चार दहा,” काका म्हणाले. हात सवयीनं कार्डाकडे गेला. “धाकटी जाऊ.”

हेडमास्तरांनी कानांवर हात ठेवले, पण उशीर झाला होता. “आजारपणात वाचायला म्हणून राखून ठेवलं होतं मी ते!”

न्हाव्याच्या दुकानापाशी पोचेपर्यंत निम्मी माणसं कानात बोटं घालून चालत होती. म्हणून काकांनी आवाज चढवला.

“वकील आणि त्याचा भाचा! दोघं मिळून!”

न्हावी फेसाचा ब्रश घेऊन बाहेर आला. “काका, माझ्या पोटावर पाय देताय! ते पुस्तक मी गिऱ्हाइकांना वाचायला ठेवतो. शेवटची पानं फाडून कपाटात ठेवलीत. शेवट कळायला माणूस चार वेळा दाढीला येतो!”

आतून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक ओरडलं, “भाचा होय! मग आता मी पुढच्या खेपेला घरीच करतो दाढी!”

एकच गलका झाला. वाचनालयाच्या बाई पुढे आल्या. “काका, पुरे. तुम्ही आता घरी जा.”

‘घरी’ म्हटल्याबरोबर काकूंच्या डोळ्यांसमोर चमच्यांचा डबा उभा राहिला. पिशवी सावरत त्या गर्दीत घुसल्या.

“ओ बाई, थांबा! आणि काय गं नर्सबाई, नाव कळलं तर एवढा आकांत? डॉक्टरनं ढकलली, बरं. पण त्या वेळी डॉक्टर गावातच नव्हता. स्टेशनमास्तरनं त्याला गाडीत बसताना पाहिलेलं. मग ढकलली कशी?”

नर्सबाईंनी डोळे पुसले. “कशी?”

“ते मी नाही सांगणार. वाच. फक्त त्याच्या छत्रीकडे लक्ष ठेव.”

“छत्री!” हेडमास्तर म्हणाले. “आणि माझी धाकटी जाऊ?”

“तिच्याकडे घड्याळच नव्हतं. मग चार दहा वाजलेत हे तिला कसं कळलं? बसा आता विचार करत!”

वीसच्या वीस माणसं काकूंच्या मागून घड्याळाकडे, तिथून परत विहिरीकडे पळाली. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी सामील झालं. शेवटी लेखकाच्या बाकापाशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंच्या नावानं जन्मात कुणी टाळी वाजवली नव्हती. त्यांनी उगाच पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“उद्यापासून रोज दहा ते एक यायचं,” वाचनालयाच्या बाई म्हणाल्या.

“येतील की! मी स्वतः आणून सोडते यांना!” काकूंचा चेहरा फुलला.

“यांना नाही हो. तुम्ही यायचं.”

काकू ‘नाही’ म्हणायला गेल्या, पण पुन्हा टाळ्या पडल्या आणि तोंडातून ‘बरं’ बाहेर पडलं.

सोमवारी दहाला काकू निघाल्या. काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आनंदानं हात हलवला. काकूंनी कोपऱ्यावरून दोनदा मागे वळून पाहिलं.

एकला परतल्या त्या घसा कोरडा आणि चेहरा लालबुंद घेऊन, पण खुशीत. आधी चहा हवा होता. फडताळ उघडलं. सगळे डबे घासून लख्ख, सगळे नव्या जागी, आणि एकावरही चिठ्ठी नाही.

काका विहिरीचं पुस्तक वाचत बसले होते. पान नववं. चक्क जागे.

“अहो, साखर कुठंय?”

काकांनी पानात बोट ठेवलं. “नाही सांगणार. फक्त त्या निळ्या झाकणाकडे लक्ष ठेव.”

काकूंनी निळं झाकण उघडलं. आत चमचे होते. नंबर घातलेले.