मान, मनगट आणि बारा डायऱ्या

पायलची मान मोजायची, हे मी तीन फेब्रुवारीला, सोमवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ठरवलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मी डायरी लिहितो. गेली बारा वर्षं, एक दिवसही न चुकता. (डेंग्यू झाला होता तेव्हाच्या चार दिवसांत नुसतंच 'ताप' लिहिलंय, पण लिहिलंय.) जमीन मोजणीच्या कार्यालयात मी कारकून आहे. मोजायला दुसरे जातात, मी नोंदी करतो. घरी मात्र मोजणं आणि नोंद, दोन्ही माझ्याकडेच.

त्या सोमवारी पहाटे आमची लता सुरगाण्याच्या बसमध्ये बसली. तिकडच्या दवाखान्यात ती नर्स आहे. शनिवारी संध्याकाळी नाशिकरोडला येते, सोमवारी जाते. मध्येच ड्युटी लागली तर तेही नाही. बसमधूनच तिचा फोन आला. "अहो, पायलची मान दुखतेय म्हणते. मनगटही. सातवीतल्या पोरीचं हे दुखण्याचं वय आहे का? बघा जरा."

म्हणून मी बघायला घेतलं.

आठवडाभर घरात मी आणि पायल, दोघंच. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला ती टॅबवर गृहपाठ करते, समोर मी डायरी लिहितो. बोलणं फारसं होत नाही. मला सुचत नाही आणि तिला गरज पडत नाही. पण गणित अडलं की ती खालचा ओठ दाताखाली धरते, सुटलं की सोडते. तेवढं बघण्यावर माझी संध्याकाळ निघते. याची नोंद मात्र डायरीत नाही. कुठल्या सदरात करायची, ते ठरेना.

तर त्या संध्याकाळी मी तिच्या कंपासपेटीतलं कोनमापक घेतलं आणि तिच्या कानाजवळ धरलं. अठ्ठेचाळीस अंश. ती हलली नाही, एवढंच म्हणाली की उद्या भूमितीचा तास आहे, तेव्हा आठवणीनं परत ठेवा.

लतानं मोबाइलवर एक तक्ता पाठवला होता. पडदा डोळ्यांच्या रेषेत हवा, मनगट सरळ हवं, पाय जमिनीला टेकलेले हवेत, अर्ध्या तासानं उठायला हवं. मी तक्ता डायरीत उतरवून घेतला आणि अंमलबजावणी सुरू केली. पायांखाली पाट ठेवला. मनगटाखाली ठेवायला माझ्या पायमोज्यात तांदूळ भरून लांबट उशी केली. (मोजा धुतलेला होता. पायलचा यावर अजूनही विश्वास नाही.) पडदा वर आणायला काही मजबूत हवं होतं, म्हणून कपाटातून बाराही डायऱ्या काढल्या आणि एकावर एक रचल्या. वर्षवारीनं, अर्थात. सगळ्यात जुनी तळाशी, गेल्या वर्षीची सगळ्यात वर, आणि तिच्यावर टॅब.

मान बारा अंशांवर आली. मला फार समाधान वाटलं. एका माणसाचं बारा वर्षांचं आयुष्य पोरीच्या मानेच्या कामी आलं, असंही काहीसं मी त्या दिवशी लिहिलंय.

मग मी खुर्चीत बसलो आणि समोर पाहिलं. समोर डायऱ्या होत्या, त्यावर टॅबची काळी पाठ, आणि तिच्यावर पायलच्या केसांचा भांग. पायल नव्हती.

पहिले दोन दिवस मी भांगाकडे बघून काढले. तिसऱ्या दिवशी डावीकडे वाकून, मान लांब करून, मनोऱ्याच्या कडेनं बघितलं. ओठ दाताखाली होता. बरं वाटलं. तिनं विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही. मग पुन्हा बघितलं. असं एका संध्याकाळी मी अकरा वेळा बघायचो. (आकडा डायरीतला आहे.) मनोरा जरा सरकवला असता तरी चाललं असतं, पण मग कोन बदलला असता.

वीस फेब्रुवारीला, नवव्या वाकण्याला, मानेत कट्‌ असा आवाज झाला आणि मी तिथेच राहिलो. पायल म्हणाली, "पप्पा, आता सरळ व्हा." मी म्हटलं, होता येत नाहीये.

डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि पंधरा दिवस खाली मान घालून लिहायचं नाही म्हणून सांगितलं. मी विचारलं, डायरी? ते म्हणाले, ती तर मुळीच नाही. लताला व्हिडिओवर ही बातमी सांगितली तेव्हा तिनं आधी विचारलं की तुम्ही खिडकीकडे बघून का बोलताय. मग म्हणाली, या शनिवारी ड्युटी आहे, येता येणार नाही. आणि मी पायलची मान बघायला सांगितली होती, हेही सुनावलं.

शनिवारी संध्याकाळी पायल खुर्ची घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. बारा वर्षांत माझ्या डायरीला दुसऱ्याचं अक्षर लागलं नव्हतं. मी सांगू लागलो. नळाला पाणी सहा वीसला. भाजी दोडका. पायल, मान बारा अंश, मनगट सरळ.

"आणि दुखतंय किती, ते नाही लिहायचं?"

मी म्हटलं, बारा अंशांना दुखत नाही.

"दुखतं. आधी दुखायचं तेवढंच."

ती उठली, टॅब बाजूला ठेवला आणि मनोऱ्यावरची सगळ्यात वरची डायरी घेऊन आली. अर्ध्या तासानं उठायचं असतं तेव्हा ती हीच डायरी वाचत बसायची म्हणे. चौदा नोव्हेंबरचं पान तिनं माझ्या डोळ्यांच्या रेषेत धरलं. (तक्त्याप्रमाणे.) माझंच अक्षर होतं. 'पायलच्या दप्तराचा डावा पट्टा तुटला. शिवून आणणे.' पुढे लाल पेननं बरोबरची खूण.

"ही खूण कशाची, पप्पा?"

"लिहून झाल्याची," मी म्हटलं.

मग तिनं हळूहळू सांगितलं. तेव्हापासून दप्तर एकाच खांद्यावर. तोही पट्टा तुटू नये म्हणून खालून हातानं उचलून धरायचं, बसस्टॉपपर्यंत आणि पुढे तीन जिने. आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं.

"मी दोनदा आठवण करून दिली होती. तुम्ही म्हणालात, लिहून ठेवलंय. मग मी थांबले."

तीन महिने ती थांबली होती. समोर, चार फुटांवर.

रविवारी सकाळीच दप्तर घेऊन देवळाली कॅम्पात गेलो. तिथले जमीलभाई फौजींच्या पिशव्या शिवतात. त्यांचा टाका उसवत नाही. त्यांनी दुहेरी पट्टी घातली, दुसरा पट्टाही पक्का केला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जयरामभाऊ, तुमचाही पट्टा ढिला आहे." मानेवरून काढून तोही शिवून दिला. घट्ट, झकास बसला. बारा वर्षांत एखादं काम इतकं तातडीनं पार पडल्याचं मला आठवत नव्हतं. ताठ मानेनं बसनं घरी आलो.

संध्याकाळी पायल पुन्हा शेजारी बसली. डायऱ्या कपाटात गेल्या होत्या, टॅब लताच्या शिलाई मशीनच्या झाकणावर होता. इतक्या जवळून ओठ दिसत होता. मी सांगितलं, लिही, दप्तर शिवून आणलं. आणि खूण कर.

तिनं पेन टेकवलं नाही.

"पप्पा, आणलं म्हणजे कुठे ठेवलंय?"

मान वळत नव्हती, म्हणून मी खुर्चीसकट वळलो. कॉट बघितली, दाराची मागची बाजू बघितली, माझे दोन्ही हात बघितले. मग गळ्यातला पट्टा चाचपला. तो होता.

पायलनं खाली मान घालून बराच वेळ लिहिलं. मला वाचता येईना, तेव्हा तिनंच वाचून दाखवलं. 'पप्पांची मान, तीस अंश, डावीकडे. दुखतंय का विचारलं. हो म्हणाले. पट्टा शिवून आणला, पप्पांचा. दप्तर कॅम्पात.'

खूण तिनं केली नाही.